पावणेआठच्या बाई

हे कुणाला पटणार नाही, पैजेवर सांगतो. मला स्वतःलासुद्धा तिसऱ्यांदा सांगितल्यावरच पटलं. आमच्या दातांच्या इस्पितळात एका बाईंनी, एका खुर्चीवरून, एका दिवसात चार मजल्यांवरच्या नऊशे फायली उघडल्या, स्वतःची रजा मंजूर केली आणि स्वतःलाच कामचुकारपणाबद्दल मेमो काढला.

"आजोबा, नऊशे?" नातीने डोळे बारीक केले. पलीकडे आमची ही मटार सोलत होती.

"बरं, आठशे नव्व्याण्णव धर."

या बाई रेकॉर्ड विभागातल्या. इस्पितळ उघडायचं पावणेआठला, आणि पावणेआठला दारात पहिल्या त्याच. सहा वर्षांत खाडा नाही, उशीर नाही. चौकीदार त्यांना बघून घड्याळ लावायचा. सूर्यही जरा दबकूनच असायचा. मी सर्व्हरच्या खोलीत. खोली कसली, फडताळच ते. दोन सर्व्हर, एक पंखा, एक खुर्ची. आणखी कुणी आलं तर त्याने दारात उभं राहायचं, तेही पोट आत ओढून.

त्या दोघांपैकी पुढचा सर्व्हर माणसांशी बोलायचा. नाव आणि पासवर्ड दिला की ओळखायचा. फायली मात्र मागच्याकडे, आणि तो महाभिडस्त, माणसांना तोंड दाखवायचा नाही. पुढच्याने सांगायचं, अमक्यांना अमकी फाईल हवी आहे. मागच्याने ती द्यायची आणि नोंदवहीत त्या अमक्यांचं नाव लिहायचं. इतका सरळ कारभार.

एक दिवस मोठ्या डॉक्टरांची स्वतःची फाईल फुटली. जगाच्या दाढा उपटणारा हा माणूस स्वतःची किडलेली दाढ अकरा वर्षं सांभाळत होता, कारण सुई पाहिली की त्याला घेरी यायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लिफ्टवालासुद्धा म्हणायला लागला, "डोळे मिटा साहेब, काही दुखणार नाही." नोंदवहीत पाहिलं तर फाईल उघडणाऱ्याचं नाव बाईंचं. डॉक्टर गालावर हात धरून गरजले, "शुक्रवारपासून या बाई इथे दिसता कामा नयेत!"

बाई माझ्या फडताळाच्या दारात आल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी ती फाईल उघडली नाही. पण यंत्र म्हणतं उघडली. लोक माझं ऐकणार की यंत्राचं?"

मी मागच्या सर्व्हरला कान लावला. आत तो पुटपुटत होता, "पुन्हा बाई... पुन्हा बाई..."

"खरंच ऐकू आलं?" नात म्हणाली.

"पंखा बंद केल्यावर स्पष्ट!"

नोंदवही उघडली. पान उलटावं तिथे एकच नाव. पावणेदोनशे माणसांच्या इस्पितळात काम करणाऱ्या एकट्या बाईच! मी त्यांना म्हटलं, "उद्या उशिरा या."

"उशिरा? मी?" जणू मी त्यांना दरोडा घालायला सांगितला.

"एकदाच. साडेआठला."

"सात पन्नास."

भाजी घेताना करावी तशी घासाघीस झाली आणि सव्वाआठवर ठरलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बाईंना रंगेहाथ पकडायचं म्हणून मोठे डॉक्टर स्वतःच दार उघडायच्या आधी येऊन उभे. सगळ्यांत पहिले आत शिरले, पासवर्ड दिला आणि पाळतीवर बसले. दुपारी मी नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरांनी नऊशे फायली उघडल्या होत्या, मुलांच्या विभागासाठी फुगे मागवले होते आणि धुलाईवाल्याशी गणवेशांवरून भांडण केलं होतं.

"मी यातलं काहीही केलेलं नाही!" डॉक्टर ओरडले.

"बाईही तेच म्हणत होत्या," मी म्हणालो.

डॉक्टर स्वतः उठून रेकॉर्ड विभागात बाईंची माफी मागायला गेले.

भानगड अशी होती: सकाळी जो पहिला येईल त्याच्या नावाने पुढचा सर्व्हर मागच्याशी एक लाईन जोडायचा आणि दिवसभर सगळ्यांची कामं त्याच लाईनवरून ढकलायचा. मी ती मोडीत काढली. प्रत्येक मागणीबरोबर मागणाऱ्याची स्वतःची, शिक्का मारलेली चिठ्ठी जायची; शिक्का तपासल्याशिवाय मागचा फाईल देणार नाही, आणि काम झालं की पुढच्याने ते नाव विसरून जायचं. अर्ध्या दिवसाचं काम. फाईल खरी कुणी वाचली ते मात्र कधीच कळलं नाही. मला अजून टोचतं ते वेगळंच. उशिरा येणारे सगळे निर्दोष, आणि ज्या बाई रोज वेळेवर यायच्या त्यांच्याच माथी साऱ्या इस्पितळाची करणी.

"पण आजोबा, तसं जोडून ठेवलं होतं कुणी?"

"होता एक अतिशहाणा. दर वेळी नवी लाईन जोडायला वेळ लागतो म्हणून त्याने कंटाळा केला. माझ्या शेजारीच बसायचा. जाड चष्मा, टक्कल. पुढे बदली होऊन गेला कुठेतरी."

हिने हातातली शेंग खाली ठेवली.

"अहो, शेजारी कशावर बसायचा? खोलीत खुर्ची एकच होती ना? तुमच्या कंटाळ्यापायी माझा सहा वर्षांचा नेम मोडला, आणि अजूनही ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर टाकताय?"