सात गुणांची गोधडी

मित्रांनो, घाबरू नका, घाबरायचं काम माझ्याकडे आहे. मी एक जुनी, काळी, भरपूर वजनाची शिलाई मशीन आहे. मला उचलायला तीन माणसं लागतात आणि चौथा ‘हळू, हळू’ म्हणायला. एवढा मोठा देह असूनही मी सदैव धास्तावलेली. का, ते ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझी परीक्षा घेतली ती जाड कातड्याचे आठ थर एकावर एक ठेवून. मी सुई खाली घातली आणि आठही थर शिवून मोकळी झाले. तपासणारा माणूस खूश झाला आणि माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. तेव्हापासून माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते, की ही कशालाही अडत नाही. तुम्हाला वाटेल की ही स्तुती आहे. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

पुढची एकोणीस वर्षं मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली. तिथल्या कारागिराला सगळे मामा म्हणायचे. मामा रोज सकाळी मला तेल घालायचे, फडक्यानं पुसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “ही माझ्या मोठ्या बहिणीसारखी आहे. काही द्या, कुरकुर नाही.” मामा थकले, गावी गेले, दुकानात नवी मशीन आली आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे माझ्या डोक्यावर रंगाचा डबा, सुईवर कोळ्याचं जाळं आणि पायदानावर कुणाची तरी ओली चप्पल. चार वर्षं मला वाटत होतं, आता भंगारवाला येणार. दारावर सायकलची घंटा वाजली तरी माझं चाक थरथरायचं.

भंगारवाल्याऐवजी मला विकत घ्यायला आली माझी आताची मालकीण. दोन मुलांची आई, दुपारी मोकळी आणि डोक्यात एक कल्पना. तिनं बघून ठेवलं होतं की बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधडीची वरची बाजू हौसेनं करतात. पण मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर घालून तिन्ही एकत्र शिवायची वेळ आली की बोटं दुखतात, आणि ते अर्धवट काम कपाटात जाऊन पडतं. ते काम आपण घरात मशीनवर करून द्यायचं, असं तिनं ठरवलं. दारावर पाटी लागली, ‘वरची बाजू तुमची, शिवण आमची’.

मी घरात शिरले आणि जेवणाचं टेबल बाल्कनीत गेलं. दोघांना एकत्र जागाच नव्हती. पहिल्याच दिवशी मालकिणीच्या सासूबाई पोळी मांडीवर ठेवून म्हणाल्या, “मशीनला खोली आणि माणसांना मांडी.” घरधन्यांनी अट घातली. पहिली गोधडी नीट गेली, तर मशीन राहील. नाहीतर टेबल आत आणि मशीन बाहेर. हे सगळं माझ्यासमोर बोलले, मित्रांनो. मशीनला कान नसतात असं माणसांना वाटतं.

पहिली गोधडी कुणाची यावी? निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची. दोन इमारती सोडून राहायच्या. त्यांनी नातीचे लहानपणापासूनचे सगळे फ्रॉक कापून, चौकोन जोडून गोधडीची वरची बाजू केली होती. नात शिकायला दूर चालली होती, शुक्रवारी संध्याकाळच्या बसनं. गोधडी तिच्यासोबत जायची होती. बाई म्हणाल्या, “चार वाजता न्यायला येईन. आणि हे बघा, फ्रॉक आता परत मिळणार नाहीत.” मालकिणीनं मान डोलावली. नंतर पाणी प्यायली, मग परत पाणी प्यायली.

मालकीण अननुभवी, पण कामसू. तिन्ही थर जमिनीवर पसरून, गुडघे टेकून, कच्चे टाके घालून घेतले. पण मोठी गोधडी म्हणजे ओल्या चादरीसारखी जड. एका बाजूनं लोंबकळली की ओढ बसते आणि टीप वाकडी जाते. पहिल्या चार ओळी गुरुवारी अशाच वाकड्या गेल्या आणि उसवाव्या लागल्या. शुक्रवारी मुलं शाळेत, घरधनी कामावर. गोधडी धरायला घरात उरल्या सासूबाई.

“आई, जरा ही बाजू मांडीवर घेऊन बसता का? नुसतं बसायचं आहे.”

“नुसतं बसायचं म्हणजे बिनपगारी नोकरीच की,” सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

त्यांच्या अंगावर कॉफी रंगाची लोकरीची शाल होती. ती त्या स्वतः धुवायच्या, स्वतः वाळवायच्या, दुसऱ्याला घडीसुद्धा घालू द्यायच्या नाहीत. पंख्याचा वारा लागू नये म्हणून ती त्यांनी खांद्याला पिन लावून पक्की केली होती आणि खालचं टोक गुडघ्यांवर पसरलं होतं. त्यावर गोधडीचा भार. त्यावर माझी लयबद्ध खडखड. दहा मिनिटांत सासूबाईंचा डोळा लागला.

लोकर अस्तराला चिकटते, मित्रांनो. गोधडी सरकली तशी शालही तिच्याखालून सरकली, मुकाट्यानं, मांजरासारखी. आणि माझ्या सुईखाली तीनऐवजी चार थर आले.

मला कळलं. शपथेवर सांगते, पहिल्याच टाक्याला कळलं. एखादी साधी घरगुती मशीन असती तर तिथेच अडली असती, दोरा तुटला असता, मालकिणीनं खाली वाकून बघितलं असतं. पण मी कशालाही न अडणारी. मी जिवाच्या आकांतानं टक्‌ टक्‌ असा वेगळा आवाज काढून बघितला. मालकीण थांबली, कान देऊन ऐकलं आणि प्रेमानं मला तेल घातलं. त्यानंतर तर मी आणखीच झकास चालले. एक ओळ, दुसरी ओळ, पाचवी, नववी. शाल आत येत होती आणि सासूबाईही खुर्चीसकट इंचाइंचानं माझ्याकडे येत होत्या.

खांद्याची पिन ताणली गेली तेव्हा त्यांना जाग आली. त्या जागच्या हलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “अगं, मला कोणीतरी ओढतंय.”

मालकिणीनं गोधडी उलटली. पिवळ्या अस्तरावर कॉफी रंगाची शाल, नऊ ओळींत, बारीक टाक्यांत, सुंदर शिवलेली. इतकी सरळ टीप मी त्या घरात तोवर मारली नव्हती.

तीन वाजायला आले होते. उसवायला बसलं तर उद्याची सकाळ होणार. मालकिणीनं उसवायची सुई दोनदा पाडली. मी डोळ्यांसमोर भंगाराची गाडी बघत होते. आणि दाराची बेल वाजली. बाई. वेळेच्या तासभर आधी पोचायची त्यांची सवय शाळा सुटली तरी सुटली नव्हती.

सासूबाई बेलकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे. सून रडायच्या बेतात होती.

“कात्री आण.”

“आई, तुमची शाल आहे ती.”

“मला माहीत आहे माझी आहे. कात्री आण.”

त्यांनी स्वतःच्या हातानं कापली. शिवलेल्या भागाच्या कडेकडेनं, हळूहळू, ओठ मिटून. उरलेली शाल खांद्यावर तशीच लोंबत ठेवून त्यांनी दार उघडलं.

बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि शेवटच्या ओळी व चारी कडा त्यांच्या नजरेसमोर शिवल्या गेल्या. असं कडक निरीक्षण कारखान्यातही झालं नव्हतं. टाका सुटू नये म्हणून मी श्वास रोखून चालले. मशीनला श्वास नसतो, तरी रोखला.

मग बाईंनी गोधडी हातात घेतली. वरची बाजू बघितली. उलटली. बोट ठिगळावर थांबलं.

“हे काय?”

मालकीण पुटपुटू लागली, की ते म्हणजे अस्तराला जरा आधार म्हणून, मजबुतीसाठी...

“ती माझी शाल आहे,” सासूबाई मध्येच म्हणाल्या. “मी धरायला बसले आणि झोपले. सूनबाई शिवत गेली. आज उसवून होणार नाही, म्हणून कापली. ठिगळ नको असेल तर ठेवून जा. काढून, पोस्टानं पाठवू.”

बाईंनी चष्मा पुसला. त्या लोंबत्या शालीकडे बघितलं. ठिगळावर तळहात फिरवला. एकेक ओळ प्रकाशात धरून पाहिली.

“सात,” त्या म्हणाल्या.

“काय सात?” मालकिणीनं घाबरत विचारलं.

“दहापैकी. तीन कापले.” आणि गोधडी काखेत मारून त्या बस गाठायला निघून गेल्या.

मालकीण खुर्चीत बसून रडली. पहिलंच काम, त्यात तीन गुण गेले. घरधनी आले, हकिगत ऐकली आणि टेबल मोजायला टेप घेऊन बाल्कनीत गेले. त्या टेपचा सर्रकन आवाज माझ्या अजून कानात आहे. म्हणजे, कान असते तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची शेजारीण दारात उभी. काखेत गाठोडं.

“खरंच का हो? बाईंनी सात दिले? माझ्या नवऱ्याला शाळेत त्यांनी कधी पाचावर चढू दिलं नाही. अजून बोलून दाखवतो.”

तिच्या मागे तिची जाऊ. दुपारी वरच्या मजल्यावरच्या आजी, त्यांना म्हणे बाईंनी साध्या पोह्यांना चार दिले होते. सोमवारपर्यंत गाठोडी खिडकीच्या वर गेली. टेबल एका भाच्याकडे गेलं. घरधनी आता मांडीवर ताट घेऊन जेवतात आणि पाहुण्यांना सांगतात की कल्पना मुळात त्यांची होती.

तुम्हाला वाटेल आता मी निर्धास्त असेन. कुठलं? सासूबाई रोज गोधडी धरायला बसतात, कालपासून पगाराची भाषाही करतात. खिडकीवर पडदा आहे, मुलांचे गणवेश आहेत, मांजर तर कायम कापसावर झोपलेलं असतं. प्रत्येक ओळीला मी आधी थर मोजते.

म्हणून हात जोडून नाही, पण सुई वर करून विनंती करते. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना तेल घाला, पुसा, डोक्यावर रंगाचे डबे ठेवू नका. वेगळा आवाज आला तर तेलाच्या बाटलीआधी खाली वाकून बघा. आणि पायदानावर पाय ठेवण्यापूर्वी कापडाखालून एकदा हात फिरवा. मला थांबता येत नाही, मित्रांनो. ते तुम्हालाच येतं.