दुसरी जीभ

जात्याची घरघर सुरू झाली की गल्लीला कळे, नैवेद्याचं दुकान चालवणाऱ्या शिओकबाईच्या घरात सकाळ झाली. जातं फिरवणारे हात बोंग-छीचे. भिजवलेला चिकट तांदूळ पाण्यासकट दळायचा, पाणी दगडाखाली दाबून काढायचं, लाल रंग घालून उकड मळायची, आत गोड पुरण भरायचं आणि कासवाच्या लाकडी साच्यात दाबून केळीच्या पानावर वाफवायला ठेवायचं. आमच्या खाडीकाठच्या गावात या लाल कासवांच्या नैवेद्यावाचून कुठल्याच देवाचं पान हलत नाही, आणि शिओकच्या कासवांना तोड नव्हती. ती कुणाच्या हातची असतात, याची चौकशी तोवर कुणी केली नव्हती.

बोंग-छी म्हणजे ‘आलीच आहे तर पोसा’. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव! खाडीत कालवं गोळा करणाऱ्या तिच्या आईनं तीन वर्षांच्या पोरीला टोपलीत बसवून शिओकच्या दारात आणून सोडलं. पोसायची, कामाला जुंपायची आणि वयात आली की घरच्याच मुलाच्या गळ्यात बांधायची. तैवानात तेव्हा ही रीत घरोघरी होती. ‘पोसलेली सून’ म्हणायचे तिला. लग्नाचा खर्च नाही, व्याह्यांचा रुसवा नाही. वर्षअखेरच्या रात्री दोघांना एका खोलीत ढकललं की झालं लग्न. शिओकचा मुलगा फौजेत होता. तो परतला की बोंग-छीची पाळी होती. ती आता पंधरा वर्षांची होती.

त्या हिवाळ्यात तिला घास उतरेना. घशात काय झालंय, हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं. एका सकाळी दुकानात गर्दी असताना तिला ठसका लागला आणि तोंडातून बोटभर लांब, गुलाबी, मऊ मांसाचा तुकडा बाहेर आला. तिच्या जिभेवर तो दुसऱ्या जिभेसारखा पडला. तिनं घाईघाईनं तो परत गिळला. पण समोर उभ्या किम-लियाननं पाहिलं होतं. किम-लियान समोरच्या घरात टोफू करून विकायची.

“अगं बाई! हिच्या तोंडात दोन जिभा!”

“दोन जिभा असतात खोटारड्यांना,” दुसरी म्हणाली.

“खोटारडी कसली, चोरटी! देवाआधी नैवेद्य उष्टा केला असणार. मी नाही हो घेत तुमची कासवं, शिओकताई.”

दुपारपर्यंत गावभर झालं. आभाळदेवाचा वाढदिवस तोंडावर आला होता, वर्षातली सगळ्यात मोठी विक्री त्या दिवसाची, आणि बायका सांगून ठेवलेली कासवं रद्द करून जाऊ लागल्या.

बोंग-छी कुणाला न सांगता आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या खो नावाच्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला आणि हसून म्हणाले, “अगं, ही जीभ नाही. चरबीची गाठ आहे, लांब देठाची. क्वचित एखाद्याला होते. वाईट नाही, अंगात पसरत नाही. शहरातल्या इस्पितळात देठ कापतील, की आठवड्यात पोटभर भात खाशील.” मग त्यांचं हसू गेलं. “पण उशीर नको. खोकल्याबरोबर वर आली आणि श्वासाच्या वाटेवर बसली, तर मला बोलवायलाही वेळ मिळणार नाही.”

डॉक्टर स्वतः शिओकच्या घरी आले, तेच पुन्हा सांगितलं, खर्चाचं मी बघतो म्हणाले. शिओकनं चहा दिला, दहादा मान हलवली आणि त्यांची पाठ वळताच देवळाची वाट धरली.

देवळात कौल लावतात तो दोन लाकडी फाकींचा. एक उताणी, एक पालथी पडली की देवाचा होकार. शिओकनं गुडघे टेकून विचारलं, “देवा, माझ्या घरातल्या कुणावर तुझा राग आहे का?” तीन वेळा फाकी टाकल्या, तिन्ही वेळा होकार आला. राग कुणावर, हे मात्र तिनं विचारलं नाही. ते तिचं आधीच ठरलं होतं.

“सगळ्यांसमोर कबूल कर,” घरी आल्यावर ती बोंग-छीला म्हणाली. “नैवेद्यातलं चोरून खाल्लंस म्हण.”

“आई, शपथ, मी नाही खाल्लं.”

“नाही खाल्लंस? मग हे काय उगवलंय कार्टे, दुधाचा दात?”

“डॉक्टर म्हणाले...”

“डॉक्टर येणारेय कासवं विकत घ्यायला?” मग शिओकचा आवाज मऊ झाला. “हे बघ, बोललीस की सुटलीस. माणसं निवळतील. मग मीच तुला इस्पितळात नेते.”

पोरगी आडवं होऊन झोपू शकत नव्हती. आडवी झाली की गाठ वर सरके, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलकी काढायची. पेजेवर जगत होती. ती हो म्हणाली.

देवळाच्या अंगणात तिला गुडघ्यांवर बसवलं. भोवती बायकांचं कडं.

“मी नैवेद्यातलं चोरून खाल्लं.”

“किती?” मागून कुणीतरी विचारलं.

“एक.”

“एका कासवाला एवढी जीभ फुटते होय गं?”

बायका हसल्या. बोंग-छीनं शिओककडे पाहिलं. शिओकनं डोळे वटारले.

“पाच,” ती म्हणाली. “पाच खाल्ली.”

“दरवर्षी खायचीस?”

“दरवर्षी.”

“कोणत्या जिभेनं सांगतेय, ते विचारा!” किम-लियान म्हणाली आणि पुन्हा हशा पिकला. “दाखव की गं आम्हाला.” पोरीनं खोकून दाखवली. पुजाऱ्यानं धुपाची राख पाण्यात कालवून पाजली आणि शिओकची कासवं शुद्ध झाली.

परतताना बोंग-छी म्हणाली, “आई, इस्पितळात उद्या जायचं?”

“खुळी का काय तू? देवानं दिलेली शिक्षा कापून टाकायची? उद्या देव माझ्या मुलावर उलटला तर? आत्ता एवढ्या बायांसमोर तूच कबूल केलंस ना?”

पोरीच्या तोंडून खोटं वदवून घेतलं आणि त्याच खोट्यानं तिची वाट बंद केली. याला पाप म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

डॉक्टर पुन्हा आले आणि या वेळी ओरडले. शिओक शांतपणे म्हणाली, “तुमच्या आरशात देव दिसतो का हो, डॉक्टर? सून माझी आहे, मी पोसलीय.” डॉक्टरांनी पोलीस आणला. पोलिसानं कासव खाल्लं, तोंड पुसलं आणि घरातल्या सुनेच्या भानगडीत मी पडत नाही म्हणाला.

आता दुकान असं चालायला लागलं की विचारू नका. देवाची शिक्षा बघायला शेजारच्या गावांतून बायका यायच्या. कासवं घ्यायची आणि मान पुढे करून म्हणायचं, “दाखवा ना एकदा.” शिओक हाक मारायची, बोंग-छी जातं सोडून यायची, खोकायची, दाखवायची, गिळायची. पहिल्या दिवशी ती रडली. पुढे रडायचीही नाही.

आभाळदेवाच्या वाढदिवसाच्या आदल्या सकाळी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. किम-लियान आपल्या बहिणीला घेऊन आली. “शिओकताई, ही मुद्दाम लांबून आलीय. हिला दाखवा ना.”

बोंग-छीचे हात लाल उकडीनं माखलेले होते. तिनं मान हलवली. “काकू, आज नको. वर आली की खाली जात नाहीये.”

“गिऱ्हाइकाला नाही म्हणतेस?” शिओकनं तिच्या पाठीत धपाटा घातला. “खोक!”

ती खोकली. गाठ वर आली आणि उलटून घशात बसली. तिनं बोटं तोंडात घातली. गाठ सटकत होती. बायका पुढे सरकल्या, नीट दिसावं म्हणून. “नाटकं बघा,” कुणीतरी म्हणालं. तिनं किम-लियानची बाही घट्ट धरली. चेहरा निळा पडायला लागला, तेव्हा कुठे हसणं थांबलं. किम-लियान डॉक्टरांना आणायला धावली. ते आले तेव्हा सगळं संपलं होतं.

डॉक्टरांनी गाठ बाहेर ओढली, देठ कापला आणि कासवांच्या परातीशेजारी केळीच्या पानावर ठेवली. “ही तुमची दुसरी जीभ. चरबी आहे. बघा, आता बघा! बघायला आला होतात ना?”

कुणी बघितलं नाही. शिओक तेवढं म्हणाली, “डॉक्टर, ते पान उचला हो. उद्याचा नैवेद्य आहे.” संध्याकाळी तिनं चूल भावाच्या अंगणात मांडली, कारण मयताच्या घरचं देवाला चालत नाही. बोंग-छी लेक नव्हती आणि सून व्हायची राहिली होती, म्हणून पूर्वजांच्या देव्हाऱ्यात तिच्या नावाची पाटी लागली नाही.

वसंतात शिओकच्या दारात एक बाई चार वर्षांच्या पोरीला घेऊन उभी राहिली. शिओकनं पोरीची हनुवटी धरली, तिला उजेडाकडे वळवलं. “आ कर.”

पोरीनं खाऊ मिळणार असं समजून आनंदानं तोंड उघडलं.

समोरून किम-लियान टोफूची टोपली रस्त्यातच टाकून आली आणि तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. “मिट, बाळा. इथं तोंड उघडायचं नाही.”

“किम-लियान, तुझा काय संबंध गं?” शिओक कडाडली.

“माझाच संबंध आहे. दाखवा ना, असं मीच म्हणाले होते.” ती त्या बाईकडे वळली. “घेऊन जा हिला.”

“कुठे नेऊ? घरी आणखी तिघी आहेत. चूल पेटत नाही.”

“मग मला दे.”

बाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुमचा मुलगा केवढा आहे?”

“मुलगा आहे. पण त्याच्यासाठी नको.”

“मग कशाला हवी?” बाईला खरंच कळत नव्हतं. तिनं पोरीला मागे ओढलं. “विकणार असाल कुठे तरी.”

किम-लियानला रडू फुटलं. “जगायला गं,” ती म्हणाली. “शाळेत जाईल, जेवेल, भांडेल माझ्याशी. डॉक्टरांना विचार, सगळ्या गल्लीला विचार. आणि रोज येऊन बघून जा, हवं तर.”

शिओक आतून दोन गरम कासवं घेऊन आली आणि तिनं ती पोरीपुढे धरली. पोरीनं हात पुढे केला. आईनं तो हात धरला आणि किम-लियानच्या हातात दिला.

शिओकच्या दारात आणलेली पोर त्या दिवशी आत गेली नाही. आमच्या गावात असं पहिल्यांदाच घडलं.