डोंगराच्या दोन्ही बाजू पाहिलेला पिंडेकन

मी पिंडेकन बोलतोय. नाव अवघड वाटलं तरी प्रकरण साधं आहे. उंच बांबूवर बसवलेलं लाकडी पात्याचं मोठं भिरभिरं, मागे शेपूट आणि पोटात गुरगुरणारा नळा, एवढाच मी. तुमच्यात म्हण आहे ना, वारा पाहून पाठ द्यावी? माझं उलटं आहे. वारा येईल तिकडे मी तोंड करतो. त्यामुळे मला पुष्कळ कळतं, आणि कळलेलं पोटात राहत नाही.

माझा जन्म आमच्या बेटावरच्या आगुंग डोंगराच्या दक्षिण उतारावर, नेंगाहच्या भातखाचरात झाला. त्याने मला फणसाच्या लाकडातून तासलं, वर चढवलं, कान लावून ऐकलं, पुन्हा खाली उतरवून तासलं. असं दिवसभर चाललं होतं.

"अहो, पाखरं हाकलायचीत, मैफल नाही भरवायची," त्याची बायको वैतागून म्हणाली.

"पाखरांनासुद्धा कान असतात," नेंगाह म्हणाला आणि परत तासायला बसला. माझा आवाज असा घोटून घेतलेला आहे. ओला वारा लागला की मी जडपणे घुमतो आणि कोरडा लागला की शीळ घालतो.

तिथे मला शीळ घालायची वेळच आली नाही. दक्षिणेकडचा वारा समुद्रावरून पाणी पिऊन यायचा. समोर आगुंग आडवा आला की बिचाऱ्याला चढावं लागायचं. चढता चढता तो गारठायचा आणि सगळं ओझं आमच्या खाचरांवर टाकून मोकळा व्हायचा. डोंगरापलीकडे उतरायचा तो रिकाम्या हातांनी. पण हे मला कुठे ठाऊक होतं! मला वाटायचं, जग सगळीकडे असंच ओलं असतं. नेंगाहला तर वाटायचं, जिथे ओल नाही तिथे माणूस जगूच शकत नाही, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

म्हणूनच त्याची लेक सुकर्ती डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावरच्या गेदे नावाच्या मीठवाल्याशी लग्न करते म्हणाली, तेव्हा घरात आकांत झाला.

"अगं, तिकडे ढगसुद्धा फिरकत नाही, आणि तू नांदायला निघालीस?"

"ढगाशी नाही बाबा, गेदेशी लग्न करतेय."

"ज्या मातीत भात पिकत नाही, तिथे मी पाण्याचा घोटही घेणार नाही, सांगून ठेवतो!"

सुकर्तीने वाद घातला नाही. तिने फक्त मला मागून घेतलं. "तुम्ही येणार नसाल तर हा तरी येऊ द्या. हा गुरगुरला की तुम्हीच बोलताय असं वाटतं." नेंगाहने हसू दाबलं आणि मला उतरवून दिलं.

अशी माझी पाठवणी झाली. उत्तरेच्या किनाऱ्यावर काळी, राखेसारखी जमीन, अंगाची लाही करणारं ऊन आणि भात कुठेच नाही! पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून शीळ निघाली आणि माझा मीच दचकलो. हळूहळू तिथली रीत कळली. जमीन उतावळी, लगेच तापते आणि लगेच निवते. समुद्र मात्र सुस्त आहे, त्याला कशाचीच घाई नाही. दिवसा जमीन तापली की तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्रावरची गार हवा तिच्या जागी धावून येते. संध्याकाळनंतर खेळ उलटतो आणि वारा डोंगरावरून खाली येतो. म्हणजे दिवसा माझं तोंड समुद्राकडे असतं आणि तिन्हीसांजेनंतर माहेराकडे.

त्या कोरड्या वाऱ्यावरच ही वाडी जगते. समुद्राचं पाणी काळ्या मातीवर शिंपडायचं, ती खारी माती गाळून घट्ट खारवणी काढायची आणि नारळाच्या पोखरलेल्या खोडांच्या डोणींत उन्हाला ठेवायची. पाणी उडून जातं आणि पांढरंशुभ्र मीठ मागे राहतं. नेंगाहच्या घरी ज्या आभाळाला शिव्या बसल्या असत्या, त्यालाच इथे हात जोडतात.

सुकर्तीला मुलगा झाला. आमच्याकडे बाळाला तीन महिने जमिनीवर ठेवत नाहीत, त्याला सगळे हातोहात वाढवतात. मग एक दिवस पूजा करून त्याचे पाय पहिल्यांदा मातीला लावतात. ते पाय आपल्या वडिलांनीच लावावेत, हा सुकर्तीचा ध्यास होता. तिने निरोप धाडला. उत्तर आलं नाही. ती रोज माझ्याखाली उभी राहून म्हणायची, "येतील ना रे?" मी आपला फिरत राहिलो.

पूजेच्या दिवशी नेंगाह आला! डोक्यावर तांदळाची टोपली, आणि सोबत धूप, मिरच्या, लसूण असं सामान घेतलेला एक गंभीर माणूस.

"हे कोण पाहुणे, व्याही?" गेदेच्या आईने विचारलं.

"हे जेरो सांद्रा. पाऊस अडवतात. शुभकार्य आहे, माझा राग असला तरी सोय करायला नको?"

अंगणात जो काही हशा पिकला! त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या गावात पाऊस अडवणाऱ्याला बोलावल्याशिवाय मांडवाचा खांबही रोवत नाहीत. पण इथे?

"अहो व्याही," गेदेची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "इथे सहा महिन्यांत थेंब पडलेला नाही. आता यांनी काय आमचा घाम अडवायचा?"

नेंगाहचं तोंड पडलं. समोर आलेला पाण्याचा पेला त्याने हाताने बाजूला सारला. "माझी शपथ आहे. बाळाला पाहिलं, बस झालं. पूजा आटपा, मी निघतो."

"आणि त्याचे पाय?" सुकर्तीने विचारलं.

"या राखेत? ते तुमचे तुम्ही लावा."

बाळाला छातीशी धरून सुकर्ती माझ्या खांबाशी येऊन उभी राहिली. मला तेव्हा म्हाताऱ्याचा फार राग आला.

आणि त्याच वेळी माझं शेपूट हललं. दुपारचा वारा समुद्राकडून यायचा, त्याऐवजी मी गरकन पश्चिमेला वळलो. वारे मोठे गप्पिष्ट असतात. वर्षाच्या या सुमाराला दूर दक्षिणेची मोठी जमीन तापते, ती पश्चिमेच्या ओल्या वाऱ्यांना आपल्याकडे ओढून घेते आणि ते आमच्या बेटावरून जातात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण यंदा ते लवकर आले. माझी शीळ थांबली. मी जडपणे घुमू लागलो.

फाटकाबाहेर पडलेला नेंगाह जागच्या जागी थांबला. तो आवाज त्याने स्वतः घोटला होता.

"पाऊस!" तो ओरडला. "गेदे, डोणी झाका!"

"तुमचे जेरो आहेत की!" कुणीतरी चिडवलं आणि पुन्हा हशा झाला.

गेदे हसला नाही. त्याने वर माझ्याकडे पाहिलं, माझं तोंड कुठे आहे ते पाहिलं आणि मिठागराकडे धूम ठोकली. हंगामाचं शेवटचं मीठ तिथे उघड्यावर होतं. मग सगळेच धावले. रिकाम्या डोणी उचलून भरलेल्यांवर पालथ्या घालायच्या होत्या. म्हातारा नेंगाह काळ्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून जावयाबरोबर खोडं उचलत होता.

"दमानं घ्या, बाबा!"

"बोलू नकोस, उचल!"

शेवटची डोण झाकली आणि आभाळ कोसळलं. जोराच्या झोताने माझं एक पातं चिरलं, पण खाली मीठ वाचलं. जेरो सांद्रा ओसरीवर अंग चोरून बसले होते. "मी फक्त दक्षिणेचा पाऊस अडवतो," ते म्हणाले. "हा पश्चिमेचा आहे. माझ्या हद्दीत येत नाही." यावर नेंगाहच सगळ्यांत मोठ्याने हसला.

पाऊस जसा आला तसा गेला. ओहोटी लागली होती. गेदेची आई किनाऱ्यावर गेली आणि वाळूतून बुडबुडे येत होते तिथून नारळाची करवंटी भरून घेऊन आली.

"घ्या व्याही. हे आमचं पाणी नाही, तुमची शपथ मोडत नाही. आगुंगवर पडतं ते आत मुरतं आणि खालून चालत चालत इथे गोडच वर येतं. पिढ्यान्‌पिढ्या हेच पितोय आम्ही."

नेंगाहने करवंटीकडे पाहिलं, मग ढगात डोकं खुपसलेल्या डोंगराकडे. "म्हणजे तो सगळं आमच्याच पदरात टाकत नव्हता तर," तो पुटपुटला आणि घटाघटा प्यायला. मग चिखलाने काळे झालेले हात पुसायला तो इकडेतिकडे कापड शोधू लागला.

"राहू द्या, बाबा," सुकर्ती म्हणाली आणि तिने बाळ त्याच्या हातात दिलं.

म्हातारा खाली वाकला. इवले पाय ओल्या काळ्या मातीला टेकले. बाळाने पाय आखडले, पुन्हा टेकले आणि तसेच दाबून धरले. सुकर्ती रडत होती आणि हसतही होती.

आता तो पोरगा अंगणभर धावतो. नेंगाहला डोंगर उतरणं झेपत नाही. माझं चिरलेलं पातं काथ्याने बांधलंय, खांबही वाकलाय. मला उतरवून चुलीत घालायची भाषा अधूनमधून कानावर येते. येऊ दे, लाकडाला आणखी काय गती असणार! पण घाई करू नका एवढंच म्हणणं आहे. रोज दिवेलागणीला डोंगरावरून वारा सुटतो, मी त्या म्हाताऱ्याच्या दिशेला तोंड करतो आणि खालून तो पोरगा ओरडतो, "आई, आजोबा बोलायला लागले!"