केसांतला कापूस

"भरदुपारी पाणी कावून तापवून राहिली तू?" असं विचारतच नत्थुजी घरात शिरला आणि उंबऱ्यातच थबकला. गोदाबाईने परातीत वच्छीची काच ठेवली होती आणि ती तिला हळद लावत होती.

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा अमरावतीच्या बाजारात एक तसबिरी काढणारा साहेब येऊन उतरला होता. कापूस वेचणारी माणसं त्याला विलायतेत पडद्यावर दाखवायची होती. अंधाऱ्या खोलीत तो आधी उलटी काच करायचा, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मग तिच्यावरून दुसऱ्या काचेवर सुलटी तसबीर उतरवायचा. काचा घासूनपुसून देण्याचं काम नत्थुजीचं.

त्याची एकुलती एक लेक वच्छी अशाच एका तसबिरीत आली होती. हलायचं नाही असा साहेबाचा हुकूम, म्हणून कसंबसं हसू दाबलेलं आणि केस कापसाने माखलेले. पुढे ती मायसोबत, गोदाबाईसोबत, कापसाच्या गाडीवर अकोल्याला गेली आणि तिथे पटकीने एका दिवसात आटोपली. शिपायांनी आंघोळसुद्धा घालू दिली नाही. तशीच पुरली.

साहेबाचे पाय धरून नत्थुजीने तिची सुलटी काच मिळवली. घाईत तिच्यावर पाण्यापासून राखणारं रोगण चढवायचं राहिलं. उलटी काच नव्या तसबिरीसाठी खरवडायची होती, ती त्यानेच रडत रडत खरवडली. पोरीचा चेहरा आता जगात एवढाच उरला होता. पाण्यापासून जप, असं त्याने गोदाबाईला दहादा बजावलं होतं.

"गोदे, पुसून जाईन थे."

"मले ठाव हाय." तिचा हात थांबला नाही. "पन केसात कापूस हाय ना तिच्या. रोज पाह्यतो मी. मायच्या हातची आंघोळ नाई भेटली माह्या लेकराले."

त्याने काच उचलायला हात पुढे केला. वच्छी अजून दिसत होती. आत्ता उचलली असती तर राहिली असती, आणि त्याला ती फार हवी होती. पण अंगाला हळद लागलेलं लेकरू मायच्या पुढ्यातून उचलायचं कसं?

तो खाली बसला. त्याने तांब्या घेतला.

"हयूहयू चोळ," तो म्हणाला, "डोळ्यात जाईन तिच्या." आणि बेताबेताने पाणी सोडू लागला.

परातीतलं पाणी गढूळ झालं. गोदाबाईने काच पदराने टिपली आणि दाराच्या उजेडात धरली. काचेतून अंगणातला बैल लख्ख दिसत होता.

"निंगाला पाहा सारा कापूस."

"हो," नत्थुजी म्हणाला, "निंगाला." आणि काच गुंडाळायला त्याने खांद्यावरचा कोरडा दुपट्टा तिच्या हातात दिला.