प्लगच्या रंगाचं बिस्किट

माझ्या ओव्हनमध्ये बिस्किटांपेक्षा इंजिनंच जास्त भाजली गेली. माझा नवरा हिलको इंजिनाचं कवच ओव्हनमध्ये तापवून त्यात बेअरिंग बसवायचा. मग माझ्या दालचिनीच्या बिस्किटांना इंजिनात घालायच्या एरंडेलाचा वास! काय बोलायचं अशा माणसाला? आज तो वास कुठे आला, तर मी रस्त्यात थांबते.

मोठ्या कंपन्यांचे लोक आमच्या गोठ्यातल्या वर्कशॉपात येऊन त्याच्या टू-स्ट्रोक मोटरसायकलला हसून जायचे. सिलिंडर उलटं बसवलेलं, धुराचा नळा सीटखालून सरळ मागे. "घाईत उलटं लावलंस की काय रे?" हिलको म्हणायचा, "धूर मागेच जाणार ना? मग त्याला वळसा कशाला?"

ती गाडी पळवायचा रेनस. शर्यतीआधी तो भरधाव वेगात इंजिन बंद करून गाडी तशीच घरंगळत आणायचा. हिलको इंजिनाचा स्पार्क प्लग काढून माझ्या बिस्किटाशेजारी धरायचा. रंग जुळला की पेट्रोल बरोबर. त्याहून फिका असला तर पेट्रोल कमी पडतंय, पिस्टन जाम होणार. "रंग डोक्यात राहत नाही, त्रीन्ये, समोर लागतो," म्हणायचा.

चौऱ्याहत्तर साली, कालव्याकाठच्या शर्यतीच्या सकाळी, हिलकोची स्वारी पुन्हा कवच घेऊन माझ्या ओव्हनपाशी. तासभर ताटकळले. मग माझं डोकंच फिरलं. बिस्किटं अर्धवट भाजलेली, फिकीच बाहेर काढली आणि डब्यात कोंबली. "घे, घाल तुझ्या इंजिनाच्या घशात!"

त्याने प्लगचा रंग त्या फिक्या बिस्किटाशीच जुळवला. त्या दिवशी गाडी अशी पळाली की कंपनीवाले कठड्यावर चढून बघत होते. शेवटच्या वळणापर्यंत पहिली. तिथेच पिस्टन जाम झाला.

"माझंच चुकलं," हिलको म्हणाला. पुढे प्रत्येक शर्यतीआधी तो डब्यातलं एक बिस्किट मोडून खायचा. मी त्याला हावरट म्हणायचे. तो गेला, तरी माझ्या तोंडून खरं निघालं नाही.

परवा रेनस आला. गुडघे गेलेत, पण खोड जात नाही. "जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे. हिलकोची गाडी मी चालवणार. बिस्किट दे, प्लग बघायचाय."

मला रडूच फुटलं. "माझ्या हातचं नको रे," म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

रेनस डोळे पुसत हसायला लागला. "अगं, त्याला त्याच दिवशी कळलं होतं! गाडी ढकलत आणताना भूक लागली म्हणून बिस्किट खाल्लं, तर मधोमध कच्चं. मला म्हणाला, त्रीन्येला बोललास तर याद राख. बिचारी पुन्हा ओव्हनला हात लावायची नाही."

"मेला!" मी म्हणाले. "जन्मभर मला फसवलं!"

मग उठून ओव्हन पेटवला. बिस्किटं झाल्यावर रेनसच्या हाती डबा देण्याआधी एक उचललं, मोडलं आणि आत नीट बघितलं.