भोंग्याची शिकवण

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या हिवाळ्यातली, पाथर्डीकडच्या डोंगराखालच्या एका वाडीतली. दिवाळी सरली की तिथली कर्ती माणसं ऊसतोडीला जात. मागे म्हातारी आणि शाळेतली पोरं. नेमक्या त्याच दिवसांत खनिज शोधणारी एक कंपनी डोंगरावर आली. दगडावर लेझरची ठिणगी पाडायची आणि तिच्या उजेडावरून आत कोणता धातू किती ते सांगायचं, असं त्यांचं यंत्र. त्याला आतला ताजा दगड हवा, म्हणून सुरुंग. सुरुंगाआधी भोंगा.

पहिला भोंगा झाला आणि शाळेतली पोरं डोक्यावर दप्तरं धरून, रांगेने मैदानात जाऊन उभी राहिली. डोंगराच्या अगदी पायथ्याशी! भूकंपाच्या सरावात त्यांच्या शिक्षिका सत्यशीलाबाईंनी तेच तर शिकवलं होतं : भोंगा झाला की बाहेर.

बाई तरातरा डोंगर चढल्या. "साहेब, भोंगा बंद करा. दुसरी काही खूण ठेवा."

कंपनीचे कल्याणसाहेब हसले. "काय शिस्त आहे हो पोरांना! फोटो काढून वर पाठवा, बक्षीस मिळेल."

"बक्षीस घाला चुलीत. दगड उडाला तर?"

"परवानगी आहे आमच्याकडे, मॅडम."

"कुणाची? सगळं गाव उसाच्या फडात असताना?"

उद्यापासून पोरांना उलटं शिकवायचं, भोंगा झाला की आतच थांबायचं, असं बाईंनी ठरवलं. पण मुख्याध्यापक मच्छिंद्र सरांनी हातात आदेश ठेवला : उद्या तालुक्याला आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण, हजेरी सक्तीची.

"सर, मग तुम्ही तरी पोरांना आत ठेवा."

"ठेवतो हो. तुम्हाला सगळीकडे आपत्तीच दिसते!"

दुसऱ्या दिवशी बाई पाथर्डीला 'शिक्षकांची भूमिका' ऐकत बसल्या असताना भोंगा झाला. सर फोनवर बोलत होते. पोरं शिकवल्याप्रमाणे बाहेर गेली, आणि उडालेल्या दगडाने निकिताची मांडी मोडली.

दवाखान्यात तिची आजी दगडाबाई एवढंच म्हणाली, "तुमीच शिकिवलं हुतं न्हवं, बाई? पोर तुमचंच ऐकून गेली."

बाईंना रडायलाही आलं नाही, इतका संताप झाला होता. त्या तशाच उठून पोलीस ठाण्यात गेल्या आणि तक्रारीत सुरुंग लावणाऱ्यांबरोबर मुख्याध्यापकांचंही नाव घातलं.

चौकशी अजून चालूच आहे. डोंगरात नेहमीचा काळा दगडच निघाला. कल्याणसाहेब यंत्र घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले. मच्छिंद्र सरांना बढती मिळाली. वरिष्ठांना न विचारता तक्रार केली म्हणून बाईंची बदली कर्जतला झाली. चौकशीच्या तारखेला त्या अजून रजा टाकून येतात. निकिता लंगडते. तिला आईबाप आता फडावर सोबत नेतात, शाळेत ठेवायला त्यांचं मन धजत नाही. दगडाबाई गेल्या वर्षी वारली.