भिंतीवरचा हसरा माणूस

हारुनने गुंडाळी सोडली, चारही कोपऱ्यांवर लाकडी पट्टीचे तुकडे ठेवले आणि भोवतीचा पुठ्ठा कापायला पातं उचललं. चित्राकडे बघत बसायची त्याला सवयच नव्हती. आखातातल्या, रास अल खोरच्या त्या कारखान्यात वीस वर्षं फ्रेमा ठोकणारा माणूस चित्रं न्याहाळू लागला तर संध्याकाळपर्यंत चार नग व्हायचे नाहीत. तो फक्त कडा बघे. पण या प्रिंटच्या कडेलाच, अगदी खाली, लांब शेपटीचा एक इंग्रजी ‘ए’ होता. तो पाहिला आणि हारुनने पातं खाली ठेवलं. त्याचा मुलगा अर्सलान आपल्या वह्यांवर अस्साच ‘ए’ काढायचा.

“काय हारुनभाई, आवडलं वाटतं?” अपर्णाने विचारलं.

अपर्णा लोकांची घरं सजवून द्यायची. इथेच वाढलेली, वाक्यात निम्मं इंग्रजी, पण हारुनशी हट्टाने मराठी बोलायची.

“स्ट्रीट आर्ट आहे. करामाच्या गल्ल्यांतल्या भिंतींचे कुणीतरी फोटो काढून ठेवले होते, त्यांच्या या प्रिंट्स. क्लायंट नुसते वेडे झालेत! एका फ्रेमचे दीडशे दिरहॅम, म्हणजे झाले की साडेतीन हजार रुपये, तरी हॉलमध्ये लावायला हवंच.”

“काढलंय कुणी?”

“नो आयडिया. आणि भिंत तर कधीच खलास. कुणीतरी पांढरा रंग फासून टाकला म्हणे. काय दगड काळजाचे लोक असतात ना?”

“असतात,” हारुन म्हणाला.

मग त्याने नजर वर नेली. आठ वर्षांपूर्वी नेली नव्हती ती आज नेली. भिंतीवर एक माणूस मांडी घालून बसला होता. कानावर पेन्सिल, दोन्ही हातांत रिकामी चौकट, आणि त्या चौकटीतून तोंड बाहेर काढून तो खदाखदा हसत होता. तो माणूस हारुन होता. अर्सलान चार-पाच वर्षांचा असताना हारुन घरी रिकामी फ्रेम तोंडापुढे धरायचा आणि विचारायचा, “हा फोटो कितीला घेणार, शेठ?” पोरगा हसून हसून लोळायचा. इतकं साधं वेड होतं ते. ते पोराने लक्षात ठेवलं होतं.

आणि बापाने काय केलं? शेजारचे अलीमियाँ एका गुरुवारी घाबऱ्याघुबऱ्या आले, “तुझ्या पोराने गोदामाच्या भिंतीवर चित्र काढलंय, पोलिसांत गेलं तर सगळ्यांचे व्हिसे रद्द होतील,” म्हणाले, आणि हारुनच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी फजरची नमाज झाली की तो रंगाचा डबा आणि रोलर घेऊन गेला. अजून फटफटायचं होतं. चित्र कशाचं आहे हे बघायलाही तो थांबला नाही. मान खाली घालून रोलर फिरवत राहिला. खाली तो ‘ए’ तेवढा दिसला होता. महिन्याभरात त्याने सोळा वर्षांच्या अर्सलानला रत्नागिरीला चुलत्याकडे धाडून दिलं.

तक्रार कुणीच केली नव्हती. ना पोलीस आले, ना गोदामवाला. पुढच्याच पावसाळ्यात पोराला कावीळ झाली. कंपनीने ठेवून घेतलेला पासपोर्ट सुटून हारुन आणि त्याची बायको ताजबी गावी पोचेपर्यंत दफन होऊन दोन दिवस झाले होते.

“मॅडम, यातली एक मला मिळेल?”

“अहो, घ्या की! दोन एक्स्ट्रा आहेत. घरी लावणार?”

“बघू. इन्शाल्ला.”

घराकडे, इंटरनॅशनल सिटीला जाणाऱ्या बसमध्ये तो गुंडाळी मांडीवर घेऊन बसला. मन एकच घोकत होतं: दाखवायचं की नाही? पोराला गावी पाठवल्याचं ताजबीने एकदाच बोलून दाखवलं होतं, तेही रडताना. भिंतीबद्दल मात्र चकार शब्द नाही. तिला वाटत असेल, काहीतरी पोरकट रेघोट्या होत्या. हे बघितल्यावर ती आपलं तोंड तरी बघेल का? पण लपवावं, तर मुलाच्या हातचं एवढं एकच उरलेलं, तेही आईपासून लपवायचं? घर येईपर्यंत त्याचं काही ठरलं नाही.

दार उघडलं तर ताजबी तांदूळ निवडत होती. तो चप्पल काढायचंही विसरला. त्याने तिच्यासमोर चटईवर प्रिंट उलगडली आणि दोन्ही टोकं धरून बसला.

ताजबीने हात पदराला पुसले. चित्रावर वाकली. मग तिने बोट उचलून त्या माणसाच्या खांद्यावर हळूच टेकवलं.

“रंग बरोबर आला नाही,” ती म्हणाली. “शर्ट याहून पिवळा होता.”

हारुनच्या हातातून एक टोक सुटलं.

“तू बघितलं होतंस?”

“बुधवारी घेऊन गेला होता मला. चक्क ओढत नेलं. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा तुम्हाला नेणार होता.”

“आणि तू बोलली नाहीस? आठ वर्षं?”

“बोलणार होते. त्याच सकाळी बोलणार होते.” ताजबीने सुटलेलं टोक परत दाबून धरलं. “तुम्ही रंगाचे हात धुवून आलात, भिंत पुसली म्हणालात, चहा मागितलात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला.”

“कोणी?”

“अर्सलानने. जागाच होता. स्वयंपाकघरात नेऊन कुराणाची शपथ घातली मला. म्हणाला, त्या चित्रात कोण होतं हे अब्बांना कधी सांगू नकोस अम्मी, त्यांना फार वाईट वाटेल.”